मागच्या सीटवरची अमानत

१

माझ्या गाडीत खजुराची बी सापडली तर ती मी खाल्लेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी गाडीत काही खात नाही आणि कुणाला खाऊ देत नाही. रोज सकाळी साडेपाचला फडकं, बादली आणि जुना टूथब्रश घेऊन मी खाली उतरतो. टूथब्रश एसीच्या फटींसाठी. माझी बायको रईसा इथं सौदीत, बुरैदाच्या एका इस्पितळात नर्स आहे. दिवसभर लोकांच्या उलट्या आणि जखमा पुसून घरी येते आणि मलाच ऐकवते, "तुम्हाला जेवढी किळस येते ना, तेवढी आमच्या पेशंटना पण येत नाय."

येते. लपवायचं कशाला? दुसऱ्याच्या तोंडातून आलेली वस्तू बघितली की माझ्या घशाशी येतं. आणि नशीब असं की आठ वर्षं मी अबू हम्मादचा ड्रायव्हर होतो.

अबू हम्माद म्हणजे माझा कफील, ज्याच्या नावावर माझा व्हिसा तो मालक. खजुराचा व्यापारी, पंच्याहत्तरी ओलांडलेला, अंगानं जाडजूड. रोज त्याला बाजारात न्यायचं, नमाजाला न्यायचं, आणि महिन्यातून एकदा सातशे किलोमीटरवर खफजीला, थोरल्या मुलाकडे. माणूस वाईट नव्हता. ईदला माझ्या पोरीला, सहरला, आठवणीनं फ्रॉक द्यायचा. ती त्याला शेख दादा म्हणायची. पण त्याच्या सवयी!

इथं स्टिअरिंग डावीकडे, म्हणून बाकीचे शेख मागच्या सीटवर तिरपे, उजव्या हाताला बसतात. हा बरोबर माझ्या पाठीमागे बसायचा. मांडीवर खजुराची वाटी आणि मेंढीच्या तुपाची डबी. खजूर तुपात बुडवायचा, तोंडात टाकायचा आणि बी जिभेनं या गालातून त्या गालात फिरवत बसायचा. पाच-पाच मिनिटं. आरशात मला ते गाल दिसायचे. मग ती ओली बी दोन सीटांच्या मधल्या खाचेत पडायची, जिथं लोक पाण्याची बाटली ठेवतात. आणि सगळ्यात शेवटी तो अंगठा पुसायचा, माझ्या सीटच्या डोकं टेकायच्या उशीवर. माझ्या मानेपासून चार बोटांवर तुपाचा अंगठा रेक्झिनवरून घासल्याचा आवाज यायचा आणि माझे खांदे आपोआप वर जायचे.

रोज संध्याकाळी मी ते पुसायचो. रोज.

२

आणि त्याच्याजवळ पिस्तूल होतं.

परवाना आहे, असं तो म्हणायचा. परवान्याचं हत्यार खजुरात कशाला लपवायचं, हे ड्रायव्हरनं विचारायचं नसतं. खजुराचा पत्र्याचा डबा होता, झाकणावर उंटाचं चित्र. तळाशी पिस्तूल, वर खजुराचा थर. गावात फिरताना डबा त्याच्या सीटखाली असायचा. लांबच्या रस्त्याला त्याच्या शेजारी. चेकपोस्ट जवळ आला की तो माझ्या खांद्यावर दोन बोटं मारायचा. मग मी गाडी कडेला घेऊन डबा डिकीत, जादा चाकाच्या खळग्यात ठेवायचो. चेकपोस्ट गेला की पुन्हा त्याच्या शेजारी. इतकं करायची गरजही नव्हती. शिपाई वाकून मागे बघायचा, म्हातारा दिसला की छातीवर हात ठेवायचा, "सलाम अलैकुम, या शेख," आणि पुढे जायची खूण करायचा. आठ वर्षांत एकदाही गाडी उघडली नाही.

पिस्तुलाला तो तेल लावत नसे. तेच मेंढीचं तूप लावायचा. त्याच्या बापानंही तूपच लावलं होतं म्हणे. आता तुम्हीच सांगा, त्या उन्हात, बंद डब्यात, तुपाचं काय होणार? झाकण उघडलं की असा खवट भपकारा यायचा की मला काच खाली करावी लागायची. जुन्या तव्याचा वास, खवट तूप आणि आंबलेला खजूर, तिन्ही एकत्र. तो दोन बोटांनी पिस्तूल बाहेर काढायचा, मांडीवर ठेवायचा, त्याच हातानं खजूर खायचा.

मी त्याला कधी हात लावला नाही. मी फक्त डबा उचलायचो.

पहिल्याच आठवड्यात त्यानं माझा हात धरून म्हटलं होतं, "हा डबा तुझ्याकडे अमानत." आणि इथं मी फसलो. आम्ही दाभोळकडचे. माझे वडील आखातातून सुटीवर यायचे तेव्हा दहा घरांची पुडकी त्यांच्या बॅगेत असायची, कापडात शिवलेली. कुणाचं सोनं, कुणाची औषधं, कुणाचं पत्र. त्यांनी कधी एका पुडक्यावरून बोट फिरवलं नाही. "दुसऱ्याची अमानत उघडायची नाय आणि कुणाला सांगायची पण नाय," असं ते म्हणायचे. अख्ख्या खाडीत त्यांचं नाव होतं.

मीही सहरला तेच शिकवलं. ती सात वर्षांची आहे. मागच्या वर्षी शेजारणीनं रईसासाठी तिच्या हाती एक बंद पाकीट दिलं. मी गमतीनं मागितलं तर पोरीनं ते पाठीमागे धरलं. "नहीं अब्बा. किसी की अमानत है. बताते नहीं." इंडियन स्कूलची पोरं, घरात मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. पण मला इतका आनंद झाला की मी ते सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरलो.

३

अबू हम्माद डिसेंबरात गेला. घरी, झोपेत.

थोरला मुलगा हम्माद खफजीहून आला. तिसऱ्या दिवशी मी त्याला बाजूला घेऊन डब्याचं सांगितलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी ती वस्तू. म्हाताऱ्याचा परवाना म्हाताऱ्याबरोबर गेला, आणि गाडी चालवतोय मी. हम्माद सरळ माणूस. त्यानं बापाच्या लाल चौकड्याच्या रुमालात पिस्तूल गुंडाळलं, अंगापासून लांब धरलं आणि स्वतः पोलिसांत नेऊन दिलं. तासाभरानं परत आला, जमा केल्याचा कागद मला दाखवला. "खलास," म्हणाला.

सुंठीवाचून खोकला गेला. तो रिकामा डबा मी स्वतः नाक्यावरच्या कचरापेटीत टाकला आणि घरी येऊन तीनदा हात धुतले.

हम्मादनं आणखी एक चांगली गोष्ट केली. रईसाच्या इस्पितळात ड्रायव्हरची जागा होती, पण कफीलच्या सहीशिवाय मला ती मिळत नव्हती. तो म्हणाला, "वारसाचे कागद झाले की गाडी खफजीला माझ्याकडे आण. तिथंच तुझ्या कफील-बदलीच्या कागदावर सही करतो." नाहीतर नवा कफील, नवं गाव, आणि रईसा-सहर इकडे. आमचं घर एकत्र राहणार की नाही, ते त्या एका सहीवर होतं.

मी गाडी नौशादच्या गॅरेजमध्ये नेली. नौशाद रायगडचा, मुरुडचा. सगळ्या सीटा बाहेर काढल्या. सीटांच्या खाली, रुळांच्या फटीत, पट्ट्यांच्या खाचेत खजुराच्या बिया. पातेलंभर निघाल्या.

"मुझम्मिलभाय," नौशाद नाकाला फडकं लावून म्हणाला, "हा माणूस खात होता का पेरत होता?"

हसता हसता मला ओकारी आली. दोन दिवस वाफेनं गाडी धुतली. उशांना नवी कव्हरं घातली. गाडीला पहिल्यांदा कसलाच वास येईना आणि मी त्या रिकाम्या वासात दहा मिनिटं नुसता बसून राहिलो.

४

गाडी धुतल्याच्या अकराव्या दिवशी सकाळी, सहरला शाळेत सोडून परत येताना, मधल्या खाचेत खजुराची बी दिसली.

ओली होती.

पहिला संशय सहरवर. पण तिला खजूर बघवत नाही, त्या बाबतीत ती माझी मुलगी. मग नौशादवर, त्याला असल्या मस्करीची खोड आहे. मी टिश्यूत धरून बी उचलली. टिश्यूतून बोटांना ऊब लागली. नुकती कुणाच्या तरी तोंडातून निघालेली वस्तू जशी लागते, तशी. मी गाडी कडेला घेतली आणि दार उघडून रस्त्यावर ओकलो.

नौशादला फोन केला. "आईशप्पत नाय," तो म्हणाला. "रुळाखाली राहिली असेल एखादी. ब्रेक मारल्यावर उडाली वर."

पटलं. पटवून घेतलं. ओली का, ते मी त्याला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या कव्हरवर अंगठा होता. मोठा, तुपकट, रेघांसकट. मी स्वतःला समजावलं की आतल्या फोममध्ये आठ वर्षांचं तूप मुरलंय, उष्णतेनं ते बाहेर येतंय. मग आठवलं, जानेवारी चालू होता. बुरैदात जानेवारीच्या सकाळी काचेवरचं दव गोठतं.

मी ते पुसलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा होतं. पुन्हा पुसलं. गाडी चालवताना मान मी पुढे काढून बसू लागलो. एकदा सिग्नलला उभा असताना मागून रेक्झिन घासल्याचा आवाज आला. खांदे वर गेले. मी आरशात बघितलं नाही. सिग्नल हिरवा झाला आणि मी गाडी काढली.

त्या आठवड्यात वास परत आला. मी नाकानं माग काढत काढत डिकीपर्यंत गेलो. जादा चाकावरचं झाकण उचललं.

खळग्यात उंटाचा डबा होता.

५

मी हम्मादला फोन लावला. डबा म्हणालो नाही. एवढंच विचारलं की ती वस्तू नक्की जमा झाली ना. तो वैतागला, पण भला माणूस, त्यानं त्या कागदाचा फोटो पाठवला. त्यात पिस्तुलाचा नंबर होता.

म्हणजे आता नंबर जुळवायचा होता. हे दुसरं असेल, म्हाताऱ्याकडे दोन असतील, हा माझा शेवटचा आधार होता. बिल्डिंगच्या मागे, भर दुपारी, डिकीच्या आड उभा राहून मी वरचे खजूर काढले. ते बोटांना धरून ठेवत होते, सोडत नव्हते. खाली ते पिवळट गोळ्यात बुडालेलं पडलं होतं. तूप गोठून त्याला साय आली होती. सायीत दाढीचा एक पांढरा केस उभा चिकटला होता.

नंबर तुपाखाली होता. पुसल्याशिवाय दिसणार नव्हता.

मी फडकं घेतलं आणि पुसलं. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याला हात लागला. थंड असेल असं वाटलं होतं. ते अंगाइतकं गरम होतं. आकडे एकेक करून वर आले, आणि एकेक करून कागदावरच्या आकड्यांशी जुळले.

तिथं मी थांबायला हवं होतं. डबा बंद करायचा, बस्स. पण एक कोपरा स्वच्छ आणि बाकीचं बरबटलेलं, हे मला बघवेना. सवय वाईट. मी ते सगळं पुसलं. फटीफटीतून, टूथब्रशनं. नळीच्या तोंडात साचलेला काळा चिखल काडीनं काढला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात थांबत नव्हते. शेवटी ते लखलखलं, आणि मला, देवाशप्पथ, बरं वाटलं. आपण दुसऱ्याची वस्तू नीट ठेवली की वाटतं तसं. त्या बरं वाटण्याची मला आजही शिसारी येते.

पोलिसांकडे जाता येत नव्हतं. जमा झालेलं पिस्तूल ड्रायव्हरच्या डिकीत, म्हणजे ड्रायव्हरनं चोरलं, एवढंच त्यांना दिसणार. हम्मादला सांगितलं तर सही गेली. रईसाला सांगितलं असतं, सांगायलाच हवं होतं. पण तिला काय सांगणार? पिस्तूल आहे हेच तिला आठ वर्षं माहीत नव्हतं. अमानत सांगायची नसते.

शहराबाहेर मैल्याचे टँकर रिकामे होतात, तिथं एक डबकं आहे. काळं, वर फेस, माश्यांचा नुसता आवाज. मी नाक दाबून काठावर गेलो आणि डबा लांब फेकला. तो आधी तरंगला. मग एका बाजूला कलंडला आणि हळूहळू बुडाला. वर बुडबुडे आले. उंटाचं चित्र दिसेनासं होईपर्यंत मी तिथं उभा होतो.

६

त्यानंतर बी नाही, अंगठा नाही, वास नाही. बारा दिवस. मी नीट जेवू लागलो.

कागद झाले. हम्मादनं गुरुवारी बोलावलं. शाळेला सुटी होती, सहरनं समुद्र बघायचा हट्ट धरला, रईसाची रजा होती. तिघं निघालो. आदल्या दिवशी मी गाडीतलं चटईखालचं, सीटखालचं, चाकाखालचं सगळं तपासलं. डिकी दोनदा. आमची बॅगसुद्धा मी स्वतः भरली.

सहरनं फक्त तिचं शाळेचं दप्तर घेतलं. चित्रं रंगवायची म्हणाली.

ती नेहमी माझ्या मागच्या खिडकीशी बसते, कारण तिथून तिला माझ्या डोक्यावरचे पांढरे केस मोजता येतात. त्या दिवशी ती पलीकडे, रईसाच्या मागे बसली.

"तिकडे का गं?"

"ऐसे ही."

सकाळी सातला निघालो. ऊन चांगलं होतं, रस्ता रिकामा. दोन्ही बाजूंना वाळू, मध्येच उंटांचा कळप, कुंपणाच्या तारा. रईसा इस्पितळातल्या गमती सांगत होती. नवी नोकरी लागल्यावर आमची ड्युटी एकाच वेळी लावून घेऊ, म्हणाली. मी हसलो. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा मी सीटला मान टेकली होती.

अकराच्या सुमाराला पेट्रोल भरायला थांबलो. रईसा आणि मी चहा आणायला उतरलो. सहर म्हणाली, मी बसते. चार मिनिटं लागली असतील. परत आलो तर ती खिडकीला तोंड लावून कुणाशी तरी बोलल्यासारखी हसत होती. दार उघडलं आणि वास आला.

खवट तूप.

"रईसा, वास येतोय तुला?"

"कसला? पेट्रोलचा येतोय." तिनं चहाचा घोट घेतला. "तुमचा चालू झाला का परत?"

७

पुढची वीस मिनिटं मी खिडक्या उघड्या ठेवून गाडी चालवली. वास गेला नाही. आरसा मी वर फिरवून ठेवला होता. शेवटी राहवलं नाही, म्हणून तो सहरच्या बाजूला वळवला.

पोरीचे गाल हलत होते. तोंडात काहीतरी होतं, ते ती या गालातून त्या गालात नेत होती. सावकाश.

"सहर, काय खातेस?"

तिनं मान हलवली. काही नाही.

"तिला काही दिलंस का? चॉकलेट?"

"मी कशाला देऊ तुमच्या गाडीत?" रईसा म्हणाली आणि मागे वळली. "काय गो, काय हाय तोंडात?"

सहर पुढे वाकली. मधल्या खाचेत तिनं एक बी टाकली. ओली. तिच्या लाळेची तार हनुवटीपर्यंत आली आणि तिनं ती अंगठ्यानं पुसली.

खजूर. तिला बघवत नाही तो खजूर. मी आरशातूनच विचारलं,

"कुणी दिला?"

"शेख दादा ने."

रईसा हसली. "अगो, ते वारले. कधीचा ठेवला होतास? शी! फेक तो."

मला हसू येत नव्हतं. सहरचे हात आरशात नीट दिसत होते. दोन्ही तळवे तुपानं चमकत होते. नखांत काळं होतं, नळीच्या तोंडातून मी काडीनं काढलं होतं तसलं काळं. आणि ते हात दप्तरावर होते. दप्तर मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. दोन चित्रकलेच्या वह्या आणि रंगाची पेटी, एवढंच असलेलं दप्तर तिच्या मांडीत खोल रुतलं होतं.

"बाळा," मी आवाज शक्य तितका साधा ठेवला, "दप्तरात काय आहे?"

"कुछ नहीं."

"सहर, अब्बाला सांग. अब्बा ओरडणार नाही."

ती माझ्याकडे आरशातून बघत होती. घाबरलेली नव्हती. लहान मुलं शहाणपणानं वागताना जो चेहरा करतात, तो तिचा चेहरा होता.

"किसी की अमानत है, अब्बा. बताते नहीं."

"बघा," रईसा म्हणाली, "तुम्हीच शिकवलात."

"सहर!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. तिचे ओठ थरथरले, पण हात दप्तरावरून हलले नाहीत.

"आप ने अच्छा पोंछा था," ती हळूच म्हणाली. "दादा बोले. अब मेरी बारी है."

मी ब्रेकवर पाय ठेवला. समोर गाड्यांची रांग उभी होती. रांगेच्या टोकाला पत्र्याचं छप्पर, सिमेंटचे ठोकळे, शिपाई. मागूनही एक ट्रक येऊन लागला. चेकपोस्ट होता, आणि मी त्याच्या रांगेत, दोन गाड्यांच्या मध्ये अडकलो होतो.

त्याच क्षणी माझ्या खांद्यावर दोन बोटं पडली.

रईसाचे दोन्ही हात चहाच्या पेल्याभोवती होते. सहर पलीकडच्या खिडकीशी होती.

८

त्या दिवशी ते गाड्या खरोखर तपासत होते. आमच्या पुढच्या कुटुंबाला खाली उतरवलं, बॅगा रस्त्यावर उघडल्या, एका लहान मुलाचं खेळणंसुद्धा हलवून बघितलं. मी ते बघत होतो आणि हिशेब एकच होता: आधी मला उतरवतील, मग रईसाला, मग सहरला. सात वर्षांच्या पोरीच्या मांडीवर पिस्तूल. मी म्हणेन माझं आहे. मी पुसलंय, माझ्या बोटांचे ठसे त्याच्यावर आहेत, हे तरी खरं आहे. मला नेतील. पण रईसालाही थांबवतील, आणि सहरला कुणाकडे देतील? माझे हात स्टिअरिंगवर इतके घामेजले होते की ते निसटत होतं. मला स्वतःच्या घामाची घाण वाटत होती.

"एवढा घाम कशाला?" रईसा आता हसत नव्हती. "मुझम्मिल, काय झाला?" ती मला नावानं फक्त घाबरली की हाक मारते.

"काही नाही," मी म्हटलं. आठ वर्षांची सवय.

शिपाई आला. तरुण पोरगा, मिशी नुकती फुटलेली. इकामे, म्हणजे इथं राहायचे परवाने, मागितले. मी दिले. त्यानं ते उलटसुलट बघितले, माझ्याकडे बघितलं, रईसाकडे बघितलं. मग डिकी उघडायला सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि मागच्या काचेतून आत वाकला.

त्याची नजर सहरवर गेली नाही. तो माझ्या मागच्या खिडकीशी वाकला होता. रिकाम्या सीटच्या खिडकीशी. त्याच्या चेहऱ्यावरचा ताठा उतरला. इकामे धरलेला हात त्यानं छातीवर ठेवला.

"सलाम अलैकुम, या शेख," तो म्हणाला.

कुणीतरी काहीतरी उत्तर दिलं असणार, कारण तो ऐकण्यासाठी क्षणभर थांबला आणि मान तुकवून हसला. इकामे मला परत दिले. "यल्ला," म्हणत पुढे जायची खूण केली.

मी गाडी काढली. छप्पर मागे गेलं, ठोकळे मागे गेले, रस्ता उघडा झाला.

"कोणाला शेख म्हणाला तो?" रईसानं विचारलं. तिनं मागे वळून सीटकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा समोर बघायला लागली. तिनं चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला होता.

मागे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, पत्र्याचा. मग बराच वेळ काही नाही. मग तो रेक्झिनवर घासल्याचा आवाज यायला हवा होता; माझे खांदे आधीच वर गेले होते. तो आला नाही. कव्हर मी काल धुतलं होतं, कोरं होतं, आणि त्याला कुणी हात लावला नाही.

आरसा सहरकडे वळवलेला होता. तिनं ईदचा पांढरा फ्रॉक घातला होता. ती खिडकीबाहेर उंट बघत होती. आरशाच्या कडेनं, बाजूच्या सीटकडून, एक जाड अंगठा तिच्या फ्रॉकच्या बाहीपाशी आला आणि सावकाश, वरून खाली, पुसला गेला. तिनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. माझं जसं आठ वर्षं व्हायचं, तसे तिचे लहानसे खांदे आपोआप वर गेले.

खफजी अजून दोनशे किलोमीटर होतं. मी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर मागचं दार उघडावं लागलं असतं.